पूडल घेण्याआधी वर्षाचा हिशेब मांडा

चिकूला घेऊन खाली उतरलं की सोसायटीत कुणीतरी हमखास विचारतं, "काकू, केवढ्याला मिळाला हो?" मी आकडा सांगते, ६५,००० रुपये. आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पिल्लू घ्यायची इच्छा दिसली, तर पुढचंही सांगते: जवळपास तेवढेच पैसे त्याच्यावर दर वर्षी जातात. टॉय पूडलची तब्येत चांगली राहिली तर तो चौदा-पंधरा वर्षं सहज जगतो. आजच्या भावाने धरलं तरी हे नऊ-दहा लाखांचं काम आहे. माझा चिकूवर फार जीव आहे, म्हणूनच हे स्पष्ट बोलते. खर्च झेपला नाही की हाल कुत्र्याचे होतात.

पूडल विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "याचे केस गळत नाहीत." ते बऱ्याच अंशी खरं आहे. आमच्या सोफ्यावर, चादरीवर केस दिसत नाहीत. पण हे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात, आणि जो सुटतो तो खाली न पडता कुरळ्यांमध्येच अडकतो. पाण्यात उतरून शिकाऱ्याची बदकं आणून देणारा हा मूळचा कुत्रा. ते दाट केस त्या कामाचे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पूडलचे केस कुणीतरी विंचरले आणि कापलेच पाहिजेत, त्याला सुटका नाही.

साधारण नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंत पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात. त्या काळात गुंता सर्वांत जास्त होतो. चिकूचा तो काळ नेमका पावसाळ्यात आला. अंगावर हार्नेस, वरून रेनकोट, रोज ओलं होणं. वरून तो अगदी फुललेला, देखणा दिसायचा. ग्रूमरने त्याला टेबलावर उभं केलं, पुढचा पाय उचलला आणि काखेतले केस बोटांनी बाजूला करून दाखवले. आत नमद्यासारखा घट्ट थर झाला होता, कंगव्याचा एकही दात शिरेना. खालची कातडी लाल, दमट, आणि बोट लागलं की चिकू अंग चोरून घेत होता. तो थर सोडवत बसणं म्हणजे जनावराला छळणं, म्हणून सगळे केस मशीनने काढावे लागले.

तेव्हा त्या ग्रूमरने शिकवलेली गोष्ट मी सगळ्यांना सांगते. ब्रश वरवर फिरतो आणि सगळं ठीक वाटतं, खरी परीक्षा स्टीलच्या कंगव्याची. तो कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता आला पाहिजे, विशेषतः कानांमागे, काखेत आणि मांड्यांच्या आत. आणि आंघोळ नेहमी विंचरल्यानंतर घालायची. गुंत्यावर पाणी पडलं की तो आणखी आवळतो. फोटोत गोड दिसणारा, पायांवर लांब केस ठेवणारा टेडी कट रोज वीस मिनिटं मागतो. तेवढा वेळ नसेल तर सगळीकडून बारीक कापून घ्या. कुत्र्याला आपण कसे दिसतो याची फिकीर नसते.

तर हिशेब. पाच-सहा आठवड्यांनी ग्रूमिंग, एका वेळचे १,८०० रुपये, म्हणजे वर्षाचे सोळा हजारांच्या आसपास. खाणं महिन्याला २,००० रुपये. लसी, जंताचं औषध आणि तपासणी मिळून सहा हजार. गोचीड-पिसवांच्या गोळ्यांना आठ-नऊ हजार, आणि इथे हात आखडता घेऊ नका. गोचिडीच्या तापात प्लेटलेट खाली येतात, मग रक्ततपासण्या आणि सलाइन यांचं बिल वर्षभराच्या गोळ्यांना सहज मागे टाकतं. शेवटचे नऊ-दहा हजार बोर्डिंगचे. पूडल अत्यंत हुशार असतो आणि एकटा पडला की भुंकून इमारत डोक्यावर घेतो, त्यामुळे लग्नाकार्याला गावी जायचं तर त्याची सोय आधी करावी लागते. हे माझे पुण्यातले दर. तुमच्या गावात कमी-जास्त असतील, पण रकाने हेच.

या रकान्यांत न बसणारा खर्च आमच्याकडे पायाच्या रूपाने आला. पळता पळता चिकू मागचा एक पाय उचलायचा, दोन-तीन उड्या तीन पायांवर, मग पुन्हा चारही पायांवर. बघणाऱ्याला गंमत वाटायची. डॉक्टरांनी त्याला आडवं करून अंगठ्याने हळूच दाबलं, तर गुडघ्याची वाटी जागेवरून सरकली आणि परत बसली. लहान जातींत हा दोष बराच आढळतो, त्याच्या एक ते चार पायऱ्या असतात, चिकूची दुसरी. ऑपरेशनची वेळ आली तर एका पायाला पन्नास हजारांच्या घरात खर्च सांगितला आहे. तोवर वजन वाढू द्यायचं नाही आणि सोफ्यावरून उड्या नाहीत. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर तो घसरू नये म्हणून आम्ही घरभर रबरी चटया टाकल्या.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने वंशावळीच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवलं. ते सर्टिफिकेट खरं होतं. पण केनेल क्लबचा कागद आई-वडील कोण एवढंच सांगतो, त्यांचे गुडघे आणि डोळे कसे आहेत हे सांगत नाही. हा दोष बऱ्याचदा आनुवंशिक असतो. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आजारही पूडलमध्ये वंशाने उतरतो आणि त्याची जनुकीय चाचणी होते. हे रिपोर्ट मागायचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

विम्याबद्दलही लोक विचारतात. कुत्र्याचा विमा मिळतो, पण पॉलिसी घेण्याआधी दिसलेला आजार सहसा त्यात बसत नाही आणि ग्रूमिंग तर नाहीच. म्हणून पिल्लू निरोगी असतानाच कागद वाचून निर्णय घ्या. ॲलर्जी असलेल्या घरांना मी वेगळं सांगते. ॲलर्जी लाळेतून आणि कातडीच्या कोंड्यातूनही येते, केस न गळल्याने ती टळत नाही. पैसे देण्याआधी एखाद्या पूडलवाल्या घरी दोन-तीनदा जाऊन बसा. आमच्याकडे या, चहा होईलच.

आणखी एक, पैशाचं नाही पण दवाखान्यात नेणारं. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात. चार किलोच्या जिवाला मूठभरही लागत नाहीत. सत्यनारायणाला आलेल्या मुलांना हे दारातच सांगावं.

"टीकप पूडल" म्हणून दीड लाख मागणारेही भेटतील. असा प्रकार कुठलाही मान्यवर केनेल क्लब मानत नाही. आंतरराष्ट्रीय मापांत सगळ्यात लहान टॉय, खांद्याशी २४ ते २८ सेंटीमीटर. त्याहून मुद्दाम लहान केलेल्या पिल्लाची साखर एक जेवण चुकलं तरी घसरू शकते.

पिल्लू बघायला जाल तेव्हा ते आठ आठवड्यांचं झालं आहे ना हे लसीच्या कार्डावरून ताडून बघा. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार त्याआधी विक्री करता येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तो नंबर लिहून घ्या. पिल्लाच्या आईला जमिनीवर चालवून दाखवायला सांगा, तिचे मागचे पाय नीट पाहा. आई दुसऱ्या गावी आहे, पिल्लू रस्त्यात भेटून देतो, असं उत्तर आलं तर टोकनसुद्धा देऊ नका.