एक मैदान, अनेक खेळ

आपल्या बडोदे शहराचे नाव घेताच संगीत, चित्रकला व ग्रंथालये यांचे स्मरण होते. व्यायाम व खेळ यांच्या क्षेत्रातील बडोद्याचे कार्यही तितकेच मोलाचे आहे. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला त्या कार्यात आजच्या पालकांसाठी एक स्पष्ट धडा दिसतो.

दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिराची स्थापना १८८० सालची. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी ते नावारूपाला आणले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, सांघिक कवायत हे सारे एकाच छपराखाली शिकविले जाई. माणिकरावांची हाडवैद्य म्हणूनही ख्याती होती. शरीर घडविणे आणि दुखावलेले शरीर सावरणे ही दोन्ही कामे तेथे एकाच हाताने होत. १९०७ ते १९१० या काळात येथे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत आसनांच्या परिणामांचा अभ्यास केला व १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. आखाडा आणि वैद्यक यांचे नाते असे आपल्याच शहरात जुळले.

हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम प्रसिद्ध केले. गल्लोगल्ली निराळ्या रीतीने खेळला जाणारा हा खेळ त्यामुळे सामन्यांच्या योग्यतेचा झाला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. त्या वाटचालीत बडोद्याचाही वाटा आहे. आबासाहेब मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोशही येथेच सिद्ध केला.

एकाच संस्थेत अनेक खेळ, ही कल्पना इतरत्रही फळाला आली आहे. आइसलँड हा सुमारे सव्वातीन लाख वस्तीचा देश २०१६ साली इंग्लंडला हरवून युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. त्या संघाच्या दोन प्रशिक्षकांपैकी हैमिर हाल्ग्रिमसन हे व्यवसायाने दंतवैद्य! ज्या वेस्टमन बेटांवरून ते आले तेथील वस्ती चार हजारांच्या आसपास. तरीही तेथील एकच क्लब फुटबॉल व हँडबॉल या दोन्ही खेळांत पुरुषांचे व महिलांचे संघ उतरवितो. लहान गावाला प्रत्येक खेळासाठी निराळी संस्था परवडत नाही. परंतु त्यामुळेच मुलांना एकाहून अधिक खेळांची गोडी लागते.

आपल्याकडे मात्र आज आठव्या वर्षीच मुलाला एका खेळाच्या कोचिंगला घातले जाते. परिणाम दवाखान्यात दिसतात. मांडीचा स्नायू नडगीला जेथे जोडला जातो तेथील कूर्चा या वयात कोवळी असते. रोज तोच ताण पडल्याने तेथे सूज येते. हाच ऑसगुड-श्लॅटर विकार. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या कमरेच्या मणक्याला सूक्ष्म तडा जातो. मनाला येणारा कंटाळा तर क्ष-किरणातही दिसत नाही. दुसऱ्या टोकाला, दहावीच्या वर्षी खेळ पूर्ण बंद करणारी घरेही आहेत.

पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे शारीरिक हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परीक्षेचे वर्ष त्यास अपवाद नाही.

२. पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाचा आग्रह धरू नये. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१६ साली हाच सल्ला दिला आहे.

३. आठवड्यातून एक-दोन दिवस व वर्षातून एकूण तीन महिने मुख्य खेळाला विश्रांती द्यावी. त्या काळात दुसरे खेळ खेळू द्यावेत.

४. लंगडणे, रात्री दुखणे किंवा दोन आठवड्यांहून अधिक राहणारी वेदना असल्यास केवळ मलम चोळून खेळत राहू नये, डॉक्टरांना दाखवावे.

५. मुलींना हीच संधी तितक्याच आग्रहाने द्यावी.

आपण डॉक्टरांनीही मुलाचे वजन व उंची नोंदविताना 'रोज काय खेळतोस?' हा प्रश्न विचारावा. उत्तर 'काहीच नाही' किंवा 'एकच' असे आले, तर जवळच्या व्यायाममंदिराचा पत्ताही औषधाच्या चिठ्ठीवर लिहावयास हरकत नाही.