फी माफ, तरी बँकेत सहा लाख कशाला? जर्मनीतल्या एका सेमिस्टरचा हिशेब

कॉलेजात नोटीस लागते: जर्मनीतल्या विद्यापीठाशी करार झालाय, एका सेमिस्टरसाठी विद्यार्थी पाठवायचे आहेत, तिथली ट्यूशन फी माफ. घरात पेढे वाटून होतात. मग वडील वही काढून बसतात आणि पहिल्याच ओळीला अडतात. फी माफ असताना एवढा पैसा लागतो कशाला?

एक्स्चेंजमध्ये एकूण खर्चापेक्षा तो कधी करावा लागतो, यानेच घराची ओढाताण होते. मोठी रक्कम मुलगी विमानात बसायच्या आधीच उभी करावी लागते. म्हणून हिशेब दोन याद्यांत मांडा: निघण्याआधीचा आणि तिथला महिन्याचा. इथे एक युरो १०५ रुपयांना धरलाय, मुक्काम सहा महिन्यांचा. आकडे ढोबळ आहेत. पैसे भरायच्या दिवशीचा दर बघून दुरुस्त करा.

निघण्याआधी

- ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याखाण्याची सोय आहे हे व्हिसासाठी दाखवायचं खातं: महिना ९९२ युरोप्रमाणे ५,९५२ युरो, म्हणजे सव्वासहा लाख रुपये
- खातं उघडण्याचा आणि चालवण्याचा आकार: १० ते १६ हजार
- व्हिसा शुल्क ७५ युरो: ८ हजार
- जाण्यायेण्याचं तिकीट: ६० ते ८० हजार
- तिथल्या विद्यापीठाची सेमिस्टर वर्गणी, १०० ते ३५० युरो: १० ते ३७ हजार
- खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं: ७५ हजार ते सव्वा लाख
- थंडीचे कपडे, बूट: १५ ते २० हजार
- पहिल्या महिन्याचा हातखर्च: ५० हजार

बेरीज साडेआठ ते साडेनऊ लाखांवर जाते. आपल्या कॉलेजची त्या सेमिस्टरची फी भरावी लागतेच, ती यात धरलेली नाही.

आकडा बघून घाबरू नका. ब्लॉक्ड अकाउंटमधले सव्वासहा लाख ही कुणाला दिलेली फी नव्हे; ते मुलीचेच पैसे, दरमहा ९९२ युरोच्या हप्त्याने तिच्या हातात पडतात. खोली जशी घेतली तशी परत केली तर डिपॉझिटही परत येतं. तिथले सहा महिने धरून खर्च होऊन जाणारी रक्कम पावणेसहा ते आठ लाखांच्या घरातली.

अडचण पहिल्या महिन्यात येते. हप्ता सुरू व्हायला तिथलं चालू खातं लागतं. ते उघडताना बऱ्याचदा पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात, आणि नोंदणीसाठी घरमालकाची सही लागते. नियमाने राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते, पण गर्दीच्या शहरात वेळ मिळता मिळत नाही. तोवर यादीतला शेवटचा हातखर्चच कामाला येतो.

तिथे महिन्याला

- विद्यार्थी वसतिगृहातली खोली: ३०० ते ४०० युरो, म्युनिकमध्ये बाहेर खोली घेतली तर याच्या दुप्पटही
- आरोग्य विमा: सुमारे १५०
- जेवणखाण: २०० ते २५०
- फोन: १० ते १५
- प्रवास: वर्गणीत पास असेल तर शून्य, नसेल तर डॉइचलांड तिकीट ६३ (जानेवारी २०२६ पासूनचा दर)
- रेडिओ-टीव्ही शुल्क: घरटी १८.३६, एकत्र राहणाऱ्यांनी वाटून घ्यायचं
- किरकोळ: ८० ते १००

म्हणजे ७५० ते १,००० युरो. दुपारी विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे कँटीनमध्ये, जेवलं आणि रात्री खोलीवर भातवरण लावलं तर खालच्या आकड्यात भागतं. पाण्याची प्लॅस्टिकची रिकामी बाटली फेकू नका: सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी सामान भरलं नाही तर दुसऱ्या दिवशी बिस्किटांवर निभवावं लागतं.

नोकरी करून खर्च काढू, हा हिशेब वहीत लिहू नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची मुभा आहे, पण एका सेमिस्टरसाठी आलेल्याला भाषेशिवाय काम मिळेपर्यंत परतायची वेळ होते. त्याऐवजी आपल्या कॉलेजचा करार युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लस योजनेत किंवा डाड (DAAD) या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या मदतीत बसतो का, हे विचारा. दरमहा पुरेशी शिष्यवृत्ती मिळाली तर तिचं पत्र ब्लॉक्ड अकाउंटऐवजी चालतं.

पैसे बुडतात कुठे

पहिली जागा खोली. ‘मालक परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी पोस्टाने येईल’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. आधी विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी अर्ज करा, तोही निवड झाली त्याच आठवड्यात.

दुसरी जागा पत्रपेटी. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड पोस्टाने येतं. पेटीवर नाव नसेल तर पाकीट परत जातं. पोचल्या दिवशी कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने पेटीवर लावा.

तिसरी जागा सर्वांत महाग: क्रेडिट. तिथलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च. तास फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, त्यानंतर परीक्षा. आपल्याकडे पुढचं सेमिस्टर तोवर निम्मं सरलेलं असतं. उन्हाळी सेमिस्टर एप्रिलला सुरू होतं, म्हणजे तीच रड. कोणते विषय तिथे घ्यायचे, त्यांची क्रेडिट इथे कशाच्या बदल्यात धरायची आणि हुकलेल्या तासांचं काय, हे विभागप्रमुखांच्या सहीने लेखी घ्या. तोंडी ‘बघू’वर गेलात तर वर्ष वाया जाऊ शकतं, आणि एका वर्षाच्या फीपुढे वरची यादी किरकोळ वाटेल. पूर्ण सेमिस्टरची तिथली मोजणी ३० क्रेडिटची, गुणांत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. मार्कशीटवर १.३ दिसलं तर आईने डोक्याला हात लावू नये.

एवढं करून मिळतं काय?

नोव्हेंबर-डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो, दिवाळी सेमिस्टर रुळण्याआधीच येऊन जाते. पहिले दोन महिने जड जातात. पण परदेशात दोन वर्षांचं मास्टर्स करायचं की नाही, हा प्रश्न असेल, तर तो सोडवायचा हा स्वस्तातला मार्ग आहे. तिथे जमतं का, एकटीने घर चालतं का, हे दोन वर्षांचं कर्ज काढण्याआधी कळतं.

जायचं ठरलं तर क्रम असा ठेवा: आधी विभागप्रमुखांची सही, मग खोली, मग खातं, मग व्हिसा. तिकीट सगळ्यांत शेवटी.