कापून उरलेल्या पगारातला संसार

माझ्या नवऱ्याच्या पगारातून दर महिन्याला त्यांच्या पहिल्या लग्नातल्या मुलाची पोटगी कापली जाते आणि सोबत मागच्या थकबाकीचा हप्ताही. हे भोसरीच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात मशीन ऑपरेटर आहेत. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आमचं लग्न ठरलं तेव्हा पोटगीची केस चालू होती हे मला ठाऊक होतं. हुकूम मात्र लग्नानंतर आला. कपात झालेल्या पगारचिठ्ठीवर घर चालवताना जे कळलं ते इथे सांगते.

१. पगार म्हणजे कापून उरतो तो.
कागदावर २०,००० रुपये. त्यातून पीएफचे १,८००, ईएसआयचे १५० आणि व्यवसाय कराचे २०० जातात. राहिले १७,८५०. मग पोटगीचे ४,००० आणि थकबाकीचे २,५००. खात्यात येतात ११,३५०. भाडं, दूध, गॅस, किराणा यांची यादी मी या आकड्यावरच बांधते. कापले नसते तर काय काय झालं असतं, हा हिशेब आमच्या घरात काढायचा नाही असं ठरलेलं आहे. माझी शिवणाची कमाई मी ठरलेल्या खर्चात धरत नाही. लग्नसराईत कामाला उसंत नसते आणि पितृपक्षात दिवसभरात एक गिऱ्हाईक फिरकत नाही. अशा पैशावर भाड्याचा भरवसा ठेवता येत नाही. त्यातून औषधपाणी, वह्या-पुस्तकं आणि सणवार भागवायचे.

२. थकबाकी कशी झाली ते आधी समजून घ्यावं.
‘आम्ही कुणाचे पैसे बुडवले नाहीत, मग एवढी थकबाकी आली कुठून?’ असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या. उत्तर सरळ आहे. पोटगी हुकूम निघाला त्या दिवसापासून नाही, तर अर्ज केला त्या तारखेपासून मोजली जाते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात देशभरासाठी तसंच सांगितलं आहे. आमच्या केसचा निकाल यायला दोन वर्षं लागली. महिना ४,००० धरले तर ९६,०००. म्हणजे हुकूम हातात पडला त्याच दिवशी डोक्यावर लाखाच्या जवळपास रक्कम उभी होती. पण ती दोन वर्षं तो मुलगा शाळेत जातच होता, जेवतच होता. तो खर्च कुणीतरी केला होता. हे ध्यानात आल्यावर ‘दंड बसला’ असं म्हणणं आम्ही सोडलं. हे मागे राहिलेलं देणं आहे.

३. रोख दिलेल्याला साक्षीदार नसतो.
केस चालू असताना हे अधूनमधून पैसे देत होते. कधी हातात, कधी कुणाबरोबर. मुलाला सायकल घेऊन दिली, दिवाळीला कपडे घेतले. हिशेबात यातलं काही धरलं गेलं नाही. बँकेतून गेलं असतं तर निदान दाखवता आलं असतं. सायकल आणि कपडे तर प्रेमाखाती जमा, पोटगीखाती नाही. आता एक वही आहे. तिच्यात दोन रकाने आहेत, एक चालू महिन्याचा आणि एक थकबाकीचा. पगारचिठ्ठी दर महिन्याला मागून घ्यायची आणि वहीला लावायची. हे दोन आकडे एकत्र कापले जात असतील तर कंपनीच्या हिशेबनिसाला वेगळे दाखवायला सांगावं. थकबाकी कधी फिटते हे आपणच मोजायचं असतं. फिटली की कपात कमी करून घेण्यासाठी कोर्टात अर्ज द्यावा लागतो, आणि त्या अर्जाला ही वही जोडायची.

४. मालकाशी भांडण्यात अर्थ नाही.
‘या महिन्यात थोडे कमी कापा,’ असं हिशेबनिसाला सांगून उपयोग नाही. पगार जप्तीचा हुकूम मालकावर असतो. तो पाळला नाही तर ती रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते. किती कापता येतं याला मर्यादा आहे, पण ती पोटगीच्या बाबतीत सैल आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे साध्या कर्जाच्या वसुलीत पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. पोटगीत फक्त एक तृतीयांश. मुलाच्या पोटाला सावकारापेक्षा वरची जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

५. झेपत नसेल तर कोर्टातच सांगावं.
मध्यंतरी कारखान्यात काम कमी झालं आणि ओव्हरटाइम बंद पडला. आधी थकबाकीचा हप्ता ३,५०० होता. तेव्हा आम्ही पगारचिठ्ठ्या, भाड्याची पावती आणि मुलीचा शाळेचा दाखला घेऊन अर्ज दिला. हप्ता २,५०० वर आला. पोटगीचे ४,००० तसेच राहिले, आणि ते कमी करा असं आम्ही मागितलंही नव्हतं. परिस्थिती खरोखर बदलली असेल तर पोटगीची रक्कमही बदलून मागता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी कलम १२७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४६ आहे. नवा हुकूम होईपर्यंत जुना चालूच राहतो, त्यामुळे अर्ज दिला म्हणून पैसे थांबवायचे नाहीत. मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात माझी शिवणाची कमाईसुद्धा लिहिली. लपवलेलं उघडं पडलं की बाकीच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

वकिलाचे पैसे नव्हते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. महाराष्ट्रात त्यासाठी वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत लागतं. बाईला आणि मुलाला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

६. फुकटचे सल्ले सगळ्यात महाग पडतात.
एक भावकीतले म्हणाले, ‘नोकरी सोड, रोजंदारीवर जा, मग काय कापतील?’ सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे की धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसलं पाहिजे. नोकरी गेली तर पोटगी तशीच राहते. जातात ते पीएफ आणि ईएसआय. दुसऱ्याने सांगितलं, ‘महिनाभर आत जाऊन ये, हिशेब मिटला.’ तोही मिटत नाही. कुलदीप कौर यांच्या खटल्यात १९८८ मध्येच निकाल झाला आहे की तुरुंग हा वसुलीसाठी दाब आणण्याचा मार्ग आहे, त्याने देणं फिटत नाही. म्हणजे बाहेर आल्यावर रक्कम तेवढीच आणि मधला पगार बुडालेला.

७. ही थकबाकी फेडायला दुसरं कर्ज काढू नये.
एकदाचं मोकळं व्हावं असं वाटतं. आमच्या बचत गटात महिना शेकडा दोनने कर्ज मिळतं, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ९६,००० रुपयांना पहिल्या वर्षी तेवीस हजारांवर व्याज झालं असतं. कोर्टाच्या हुकुमात थकबाकीवर व्याज लावलेलं नव्हतं. बिनव्याजी देणं व्याजी करून घेण्यात कसली आली मोकळीक? भिशी लागली तेव्हा मात्र तिच्यातले काही पैसे जास्तीचे भरले. बँकेतून भरले आणि पावती वहीला लावली.

८. पोरांच्या कानावर आकडे पडू देऊ नयेत.
आमची मुलगी दुसरीत आहे. तिला सँडल घेता आली नाही तर ‘दिवाळीला घेऊ’ म्हणायचं. ‘तुझ्या दादाला पैसे जातात ना’ असं म्हणायचं नाही. एकदा सासूबाई तसं बोलल्या आणि पोरगी सुट्टीत आलेल्या दादाशी दिवसभर बोलली नाही. त्या संध्याकाळी ह्यांनी आईला शांतपणे सांगितलं, ‘आई, पैसे मी देतो आहे, तो घेत नाहीये.’ त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

९. तिकडेही एक घर याच चिठ्ठीवर चालतं.
मुलाच्या आईशी माझं बोलणं नाही, गरजही नाही. पण जून आला की गणवेश, दप्तर, फी यांची जुळवाजुळव तिलाही माझ्यासारखीच करावी लागत असणार. कंपनीकडून पैसे पोचायला उशीर झाला की तिचा ह्यांना फोन येतो. त्या फोनला आमच्या घरी आता भांडणाचा फोन म्हणत नाहीत. हे दुसऱ्या दिवशी हिशेबनिसाला विचारतात आणि तिला कळवतात. एवढं केल्यावर बरीच वकिली आपोआप टळते.

१०. थकबाकी फिटली की ते २,५०० घरखर्चात मिसळू देऊ नयेत.
आमचा शेवटचा हप्ता आता दृष्टिपथात आहे. पगारात ते पैसे परत दिसू लागतील तेव्हा फ्रिज, टीव्ही, गावाकडची पत्र्याची खोली अशी सगळ्यांचीच मागणी उभी राहील. आमचं ठरलंय: पोस्टात आवर्ती ठेव उघडायची आणि २,५०० तिथे वळवायचे. सहा महिन्यांच्या पोटगीएवढे, म्हणजे २४,००० रुपये, जमेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. लहान कारखान्याचं काम कधी बंद पडेल सांगता येत नाही. पगार थांबला तरी त्या मुलाचे ४,००० थांबू नयेत, म्हणजे थकबाकीचा रकाना पुन्हा उघडावा लागणार नाही. टीव्ही त्यानंतर बघू.