टायर फिरवले, नट कुणी आवळायचे?

‘गनने लावलेला नट कधी सुटत नाही, भाऊ.’ हे मला त्या टायरवाल्या शेठनी तोंडावर सांगितलं, तेही ज्या चाकाचे पाचही नट मी रात्री रस्त्याच्या कडेला बोटांनी फिरवले होते त्याच चाकासमोर उभं राहून. ते वाक्य अजून कानात बसलंय. पिकअपवर घर चालवणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

गाडी बोलेरो पिकअप. पिंपळगावचा टोमॅटो वाशीला नेते. पुढचे टायर आतल्या कडेने घासायला लागले म्हणून हायवेवरच्या एका मोठ्या दुकानात रोटेशन आणि अलाइनमेंट करून घेतलं. पक्कं बिल घेतलं. संध्याकाळी कॅरेट भरले, काटा केला आणि निघालो.

घोटी मागे पडली तसा मागून क्लीनर साइडने आवाज यायला लागला. गाडी हळू असली की टक टक, वेग धरला की बंद. भरलेल्या गाडीत पाटे वाजतातच, पण पाट्याचा आवाज खड्ड्यात येतो. हा सपाट रस्त्यावर चाकाच्या फेऱ्यागणिक येत होता आणि सीटखाली थरथर होती. ढाब्याच्या उजेडात गाडी घेतली, टॉर्च मारला. प्रत्येक नटापासून रिमवर बाहेरच्या बाजूला तांबूस गंजाच्या रेघा ओढल्यासारख्या दिसत होत्या आणि नटांच्या बुडाशी धातूची चकचकीत भुकटी साचलेली. एका नटाला हात लावला, तो फिरला. दुसरा फिरला. पाचही फिरले. पुढे इगतपुरी आणि त्यानंतर कसारा घाटाचा उतार. त्या उतारावर भरल्या गाडीचं मागचं चाक निघालं असतं तर पुढे काय, हा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

माल दुसऱ्या गाडीत चढवला. तो वाशीला पोहोचला तोवर सकाळचा बाजार होऊन गेला होता. चाक उतरवल्यावर सगळा उलगडा झाला. रिमची भोकं घासून लांबट झालेली, दोन स्टडचे आटे गेलेले आणि ड्रमच्या तोंडावर वाळलेला चिखल आणि गंजाचे पापुद्रे जसेच्या तसे. म्हणजे जुनं चाक काढलं, ड्रम न पुसता दुसरं चढवलं आणि त्यावर गन चालवली. अशा वेळी नट घट्ट लागतो, पण तो चिखलाच्या थरावर घट्ट असतो. गाडी चालली की तो थर भुगा होऊन गळतो, तेवढी फट पडते आणि नट ढिला होतो. भार जितका जास्त, तितकं हे लवकर.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. शेठ आधी म्हणाले, ओव्हरलोड भरला असणार. मी काट्याची पावती पुढे ठेवली. वजन पासिंगच्या आत होतं. पावती हातात घेऊन वाचलीसुद्धा नाही. मग म्हणाले, मध्ये कुणीतरी चाक खोललं असेल. मग तो गनचा डायलॉग. काम केलेला पोरगा तिथेच मान खाली घालून उभा होता. त्याला बोलून काय करू? त्याला ड्रम घासायला कुणी शिकवलंच नसेल, तर तो घासणार कुठून? शेवटी शेठ म्हणाले, ‘चला, तुमचं समाधान म्हणून रोटेशनचे पैसे परत देतो.’ माझं रिम, स्टड, बुडालेला बाजार, यातलं काहीही त्यांच्या हिशेबात नव्हतं. पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर तो विषय मिटला असं त्यांनी धरलं असतं.

आता कामाचं. पिकअपची ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून रोटेशनची साधी पद्धत अशी: मागची दोन्ही चाकं सरळ त्याच बाजूने पुढे आणायची, पुढची दोन्ही मागे नेताना बाजू बदलायची. स्टेपनी त्याच मापाची आणि सारखी घासलेली असेल तर तीही फेऱ्यात घ्या: स्टेपनी ड्रायव्हर साइडला मागे, पुढचं ड्रायव्हर साइडचं चाक क्लीनर साइडला मागे, आणि पुढचं क्लीनर साइडचं चाक स्टेपनीच्या जागी. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली चिखलात लटकते, तिची हवा वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, ती या निमित्ताने बघून होते. दर 8 ते 10 हजार किलोमीटरला हे काम करावं. पुढे रिब आणि मागे लग नक्षीचे टायर घातले असतील तर पुढचे-मागचे अदलाबदल करू नका, फक्त डावे-उजवे करा. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तेही नाही. रेडियल आणि नायलॉन एकाच अ‍ॅक्सलवर कधीही नको, दुकानदार कितीही गळ घालो.

चाकं काढायच्या आधी टायर नीट बघा. एकच कड घासली तर अलाइनमेंट, दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी, मधला भाग घासला तर हवा जास्त. हे दुरुस्त न करता नुसतं रोटेशन केलं तर चांगले टायरही त्याच रांगेत जातात. नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत आली असेल तर तो टायर फिरवायचा नाही, काढायचा.

मागचं चाक उचलताना पुढच्या चाकांना दगड लावाच. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागचं एक चाक हवेत गेलं की तो एकाच चाकावर उरतो, आणि नुसत्या गिअरमध्ये ठेवलेली गाडी डिफरन्शियलमुळे सरकू शकते. घरच्या अंगणात हे काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

चाक उतरलं की ड्रमचं तोंड आणि रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने घासून घ्या. पोरगा कंटाळला तर ब्रश स्वतः हातात घ्या. स्टडला ऑइल लावू देऊ नका. ऑइल लागल्यावर पाना तोच आकडा दाखवतो, पण स्टडवर ताण जास्त येतो. सगळे नट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून एक, आणि शेवटचं आवळणं चाक जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. गन नट पळवायला ठीक आहे, आवळायला नाही. गनने कधी कमी लागतो, कधी इतका लागतो की रस्त्यात पंक्चर झालं तर एल पान्यावर उभं राहूनही सुटत नाही.

मग हवा. भारासाठी मागच्या टायरांत हवा जास्त असते आणि चाक पुढे आलं की ती हवाही पुढे येते. माझ्या गाडीचीही तशीच सोडली होती, हे दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गेजने मोजलं तेव्हा कळलं. पुढे इतकी हवा असली की स्टिअरिंग हलकं लागतं आणि गाडी उड्या मारते. रोटेशन झालं की चारही टायरांची हवा थंड असताना नव्याने भरून घ्या.

आणि 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर सगळे नट पुन्हा तपासायचे. हे त्या दुकानाने मला सांगायला हवं होतं. बिलावर छापायला हवं होतं. मी हे शेठना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘सगळ्यांना माहीत असतं.’ पैसे घेऊन काम करणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही.

जुना टायर तुमचाच परत आला का, हेही पाहायला शिका. टायरच्या अंगावर कोडच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. दुकानात शिरण्याआधी पाचही टायरांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या.

आता मी बिलावर लिहूनच घेतो: ड्रम साफ केले, नट टॉर्क पान्याने आवळले, हवा इतकी भरली, आणि खाली सही. जो सही करायला कांकू करतो, त्याच्याकडे गाडी सोडत नाही.