भरती परीक्षेचे इंग्रजी : मराठीच्या आधाराने एक पाठ



नोकरभरतीच्या परीक्षेत गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी उत्तम सोडविणारा आपला विद्यार्थी पुष्कळ वेळा एकट्या इंग्रजीपायी मागे राहतो. घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आणि कॉलेजातील इंग्रजीचा पेपर कसाबसा काढलेला. मग जाहिरात निघाली की व्याकरणाचे जाडजूड पुस्तक आणायचे, पहिली पन्नास पाने वाचायची आणि कंटाळून ते फळीवर ठेवायचे, असा क्रम ठरून गेला आहे. वय मात्र थांबत नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या लिपिकपदासाठी कमाल वयोमर्यादा २८ वर्षे आहे व अनुसूचित जातींना तीत ५ वर्षांची सवलत आहे. म्हणजे पदवीनंतर मोजकेच प्रयत्न हाती उरतात. ते वाया जाऊ नयेत, म्हणून हा पाठ.

प्रथम इंग्रजीचे वजन लक्षात घेऊ. आयबीपीएस ही संस्था बँकांसाठी लिपिकांची निवड परीक्षा घेते; या पदाला आता ग्राहक सेवा सहयोगी असे नाव आहे. पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न असतात व वेळ ६० मिनिटे. त्यांपैकी इंग्रजीचे ३० प्रश्न, ३० गुण आणि त्यासाठी वेगळी २० मिनिटे. तिन्ही विभागांत किमान गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. गणितात कितीही गुण पडले तरी इंग्रजीची तूट त्यातून भरून निघत नाही. ही परीक्षा मराठीसह १३ प्रादेशिक भाषांतूनही घेण्याचा निर्णय २०२१ साली झाला. गणित व बुद्धिमत्तेचे प्रश्न मराठीत वाचण्याची त्यामुळे सोय झाली, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच सोडवायचा आहे. आपल्या राज्याच्या २०२३ सालच्या तलाठी भरतीतही १०० प्रश्नांपैकी २५ प्रश्न, म्हणजे २०० पैकी ५० गुण, इंग्रजीचेच होते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या इंग्रजीतील चुका अगणित नसतात. त्या ठरावीक पाच-सहा जागी होतात; आणि मराठी वाक्य एका वाटेने व इंग्रजी वाक्य दुसऱ्या वाटेने जाते, त्याच या जागा होत. ‘वाक्यातील चूक शोधा’ या प्रश्नातही बहुधा याच जागा विचारल्या जातात. तेव्हा मराठी विसरून इंग्रजी शिकण्याच्या भरीस पडू नये. मराठी वाक्य शेजारी ठेवावे आणि फरक कोठे पडतो ते पाहावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या याच रीतीने.

१. कर्ता आणि क्रियापद

‘उमेदवारांची यादी फळ्यावर आहे’ या वाक्यात ‘यादी’ हा मुख्य शब्द ‘उमेदवार’ या शब्दाच्या नंतर येतो, म्हणून आपण चुकत नाही. इंग्रजीत ही मांडणी उलटते : ‘द लिस्ट ऑफ कॅन्डिडेट्स’. मुख्य शब्द आधी गेला आणि क्रियापदाशेजारी अनेकवचनी शब्द येऊन बसला. मग हात आपोआप ‘आर’ लिहितो. बरोबर उत्तर ‘इज’. ‘ऑफ’पासून पुढचा भाग बोटाने झाकावा आणि मग क्रियापद निवडावे.

दुसरा धोका असा. ‘मुलाने आंबे खाल्ले आहेत’ या वाक्यात आपले क्रियापद आंब्यांप्रमाणे चालते. इंग्रजीत ते कर्त्याला सोडत नाही : ‘द बॉय हॅज ईटन द मँगोज’. तसेच ‘ईच’, ‘एव्हरी’ आणि ‘वन ऑफ’ यांच्यामागून एकवचनी क्रियापद येते, हे पक्के करावे.

२. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’

ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून ती आपण एकतर गाळतो किंवा कोठेही घालतो. ‘अ’ की ‘ॲन’ हे मात्र आपली देवनागरीच सांगते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’, ‘ऑनेस्ट मॅन’, ‘एम.एल.ए.’, ‘एस.टी. बस’ यांच्या आरंभी स्वर आहे, म्हणून ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युरोपियन’, ‘वन-रुपी नोट’ यांच्या आरंभी व्यंजन आहे, म्हणून ‘अ’. इंग्रजी स्पेलिंग कोणत्या अक्षराने सुरू होते, याला येथे महत्त्व नाही. एक अपवाद ध्यानात ठेवावा : वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ असा लिहितो, पण त्याचा खरा उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून त्याच्या आधी ‘अ’च येतो.

‘द’साठी अशी कसोटी लावावी. मराठी वाक्यात नामाआधी ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ घालून अर्थ नीट बसतो का ते पाहावे. ‘मी एक पुस्तक घेतले, ते पुस्तक महाग होते’ या वाक्यात पहिल्या पुस्तकाला ‘अ’, दुसऱ्याला ‘द’. यात सारेच नियम येत नाहीत, पण नेहमीची बरीच वाक्ये यातून सुटतात.

३. विभक्तीचे प्रत्यय आणि इंग्रजी शब्दयोगी अव्यये

येथे भाषांतर फार फसवते. आपण ‘प्रश्नाविषयी’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. बरोबर रूप नुसते ‘डिस्कस द प्रॉब्लेम’. स्टेशन‘ला’ पोहोचतो म्हणून ‘रीच टू’ लिहितो. बरोबर रूप ‘रीच द स्टेशन’. माझ्या‘पेक्षा’ ज्येष्ठ म्हणून ‘सीनियर दॅन’ लिहितो. तेथे ‘सीनियर टू’ हवे. चहा‘पेक्षा’ दूध पसंत, येथेही ‘प्रिफर मिल्क टू टी’. गणिता‘त’ हुशार म्हणताना ‘गुड ॲट’, कुत्र्या‘ला’ भितो म्हणताना ‘अफ्रेड ऑफ’. अशा जोड्यांना एकच नियम नाही. त्या पाठच कराव्या लागतात. पण शब्द आणि त्याचे अव्यय एकत्र पाठ केले तर विसर पडत नाही.

४. काळ

‘मी पाच वर्षांपासून येथे राहतो.’ मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे म्हणावे लागते. आपला ‘पासून’ दोन कामे करतो. ‘सोमवारपासून’ म्हणजे आरंभाचा क्षण, तेथे ‘सिन्स’. ‘पाच दिवसांपासून’ म्हणजे कालावधी, तेथे ‘फॉर’.

‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ यात दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी आहेत. इंग्रजीत ‘व्हेन’ आणि ‘इफ’ यांच्या अशा वाक्यांशात ‘विल’ येत नाही : ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. आणि वाक्यात ‘यस्टरडे’ किंवा ‘लास्ट इयर’ असा संपलेला काळ दिसला की ‘हॅव मेट’ न लिहिता ‘मेट’ लिहावे.

५. जोडशब्दांची जोडी

मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतो. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आल्यावर ‘बट’ नको. ‘ॲज’ने कारण सांगितल्यावर पुढे ‘सो’ नको. ‘अनलेस’ या शब्दात नकार आधीच आहे, म्हणून त्याच्यामागून ‘नॉट’ नको. याउलट काही जोड्या इंग्रजीने स्वतःच बांधल्या आहेत, त्या तोडू नयेत : ‘नो सूनर’ला ‘दॅन’, ‘हार्डली’ला ‘व्हेन’, ‘नॉट ओन्ली’ला ‘बट ऑल्सो’.

६. वाक्याच्या पोटातील प्रश्न

‘तो कोठे राहतो ते मला माहीत नाही.’ येथे ‘आय डू नॉट नो व्हेअर ही लिव्ह्ज’ असेच हवे. ‘व्हेअर डज ही लिव्ह’ ही मांडणी सरळ प्रश्नाची आहे. प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की तो साध्या विधानासारखा चालतो.

शब्दसंग्रह

शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करणारे पुष्कळ आहेत. परीक्षेत त्यांतील थोडेच शब्द आठवतात. वहीत चार रकाने आखावेत : शब्द त्याच्या स्पेलिंगसह, मराठी अर्थ, विरुद्धार्थी शब्द आणि स्वतः रचलेले वाक्य. चौथा रकाना रिकामा ठेवू नये. रोज ५ शब्द, आठवड्याचे ६ दिवस, रविवारी फक्त उजळणी. सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांत ७८० शब्द होतात, आणि ते खरोखर आपले झालेले असतात.

शब्द कुटुंबाने शिकावेत. ‘बेने’ म्हणजे चांगले; त्यावरून ‘बेनिफिट’ म्हणजे लाभ, ‘बेनेव्होलंट’ म्हणजे परोपकारी, ‘बेनिफॅक्टर’ म्हणजे उपकारकर्ता. ‘मॅल’ म्हणजे वाईट. त्यावरून ‘मॅलन्यूट्रिशन’ म्हणजे कुपोषण, ‘मॅलप्रॅक्टिस’ म्हणजे गैरप्रकार, ‘मॅलिस’ म्हणजे दुष्टावा. अनोळखी शब्द आला तरी अशा वेळी निदान त्याची दिशा कळते.

एका ठिकाणी मात्र देवनागरी आपल्याला मदत करीत नाही. उच्चार एक आणि स्पेलिंग दोन, असे शब्द इंग्रजी अक्षरांत हाताने लिहूनच पक्के होतात. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी ए-एल असेल तर मुख्य किंवा प्राचार्य, एल-ई असेल तर तत्त्व. ‘स्टेशनरी’च्या शेवटी ए-आर-वाय असेल तर स्थिर, ई-आर-वाय असेल तर लेखनसाहित्य.

वेळ आणि गुणांचा हिशेब

२० मिनिटांत ३० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. म्हणून ज्यांचे उत्तर दिसताच कळते ते प्रश्न आधी सोडवावेत आणि उताऱ्यासाठी वेळ राखून ठेवावा. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो व पर्याय पाच असतात. डोळे मिटून पाच प्रश्नांची उत्तरे दिली तर सरासरीने एक बरोबर येते, चार चुकतात. मिळालेला एक गुण चार पाव गुणांत निघून जातो. हाती शून्य! पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उरलेल्या तिनांतून निवड करणे फायद्याचे असते. तीन प्रश्नांमागे एक गुण मिळतो, अर्धा जातो, अर्धा उरतो. तलाठी भरतीत २०२३ साली गुण वजा होत नव्हते. अशा परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे नुकसानच. यासाठी जाहिरात शेवटपर्यंत वाचावी.

सरावाची वाक्ये

पुढील वाक्यांतील चूक शोधा. एका वाक्यात चूक नाही.

१. द क्वालिटी ऑफ द मँगोज आर गुड.
२. ही इज ॲन युनिव्हर्सिटी स्टुडंट.
३. शी हॅज बीन इल सिन्स थ्री डेज.
४. वुई डिस्कस्ड अबाउट द मॅटर.
५. ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वेन्ट टू वर्क.
६. टेल मी व्हाय आर यू लेट.
७. आय हॅव सीन हिम यस्टरडे.
८. अनलेस यू डू नॉट हरी, यू विल मिस द ट्रेन.
९. माय ब्रदर इज सीनियर टू हर.
१०. ही गेव्ह मी मेनी इन्फॉर्मेशन्स.

उत्तरे : १. ‘आर’ऐवजी ‘इज’, क्रियापद ‘क्वालिटी’चे आहे. २. ‘ॲन’ऐवजी ‘अ’. ३. ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर’. ४. ‘अबाउट’ गाळा. ५. ‘बट’ गाळा. ६. ‘व्हाय यू आर लेट’. ७. ‘हॅव सीन’ऐवजी ‘सॉ’. ८. ‘डू नॉट’ गाळा. ९. चूक नाही. १०. ‘मच इन्फॉर्मेशन’. मराठीत आपण ‘माहित्या’ म्हणत नाही, तसेच इंग्रजीत ‘इन्फॉर्मेशन्स’ होत नाही.

सातांहून अधिक बरोबर आली असतील तर पाया चांगला आहे. कमी आली तरी खचून जाऊ नये. कोणत्या क्रमांकाची वाक्ये चुकली ते पाहावे आणि वरील सहा भागांपैकी तोच भाग पुन्हा वाचावा. प्रत्येक सराव परीक्षेनंतर किती गुण पडले यापेक्षा कोणत्या भागात गुण गेले, हे वहीत लिहावे. महिन्याभरात आपली दुखणी जागा आपल्यालाच दिसू लागते.

शेवटी सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. आपल्यापैकी अनेक जण बँकेत, टपाल खात्यात, रेल्वेत आणि महसूल खात्यात नोकरीस आहेत. आठवड्यातून एक तास अभ्यासिकेत येऊन पाच मुलांच्या वह्या तपासल्या, तर त्याचे मोल मोठे आहे. चूक कोठे झाली आणि का झाली हे समोर बसून सांगणारे माणूस आपल्या मुलांना क्वचितच मिळते. आणि विद्यार्थ्यांनो, तुमची निवड झाली की ती शब्दांची वही घरी नेऊ नका. मागून येणाऱ्याच्या हाती द्या. त्याला ती पुस्तकापेक्षा लवकर समजेल.