बस्ता बांधला, दवाखान्याच्या खर्चाची सोय केली का?



लग्नसराई आली की खेड्यापाड्यांतली मंडळी बस्ता बांधायला नागपूरच्या गांधीबागेत येतात. शालूचा पोत चाचपतात, रंग उजेडात नेऊन पाहतात, भावात घासाघीस करतात. रास्तच आहे, पैसा कष्टाचा असतो. पण आरोग्य विम्याचा कागद पुढे आला की तीच मंडळी न वाचता सही करतात, नाहीतर "आम्हाला काय होतंय?" म्हणून उठून जातात. पुढे एका ऑपरेशनात बैलजोडी विकावी लागते.

विमा विकत घेण्याआधी घरचे रेशनकार्ड काढून पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०२४ पासून ती पिवळ्या, केशरी, पांढऱ्या अशा सर्व रेशनकार्डांना लागू आहे. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरलेले उपचार, तेही तुम्ही हप्ता न भरता. मात्र सर्दी-तापाच्या गोळ्या यात नाहीत. योजनेतल्याच दवाखान्यात भरती व्हावे लागते आणि तिथे आधी आरोग्यमित्राला गाठावे लागते. गांधीबागेजवळचे मेयो रुग्णालय या योजनेत आहे.

आता एक गोष्ट पुष्कळ घरांत राहून जाते. नव्या सुनेचे नाव माहेरच्याच कार्डावर असते. ते तिथून कमी करून सासरच्या कार्डात घाला. बाळ झाले की जन्मदाखला काढून त्याचेही नाव चढवा. ऐन आजारपणात तहसीलच्या खेपा कोण घालणार?

बाळंतपणासाठी मात्र विम्यावर विसंबू नका. दिवस गेल्यावर काढलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला बहुधा उपयोगी पडत नाही; बाळंतपणाचा खर्च देणाऱ्या पॉलिसीतही आधी काही काळ थांबावे लागते. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. गांधीबागेतले डागा रुग्णालय खास बायाबाळांसाठीच आहे.

घरचा माणूस शहरात दुकानात नोकरीला असेल, तर मालकाला राज्य कामगार विम्याबद्दल विचारा. पगारातून शंभराला पाऊण रुपया कापला जातो, बाकीचा वाटा मालकाचा, आणि बायको-मुलांचाही औषधोपचार होतो.

एवढे पाहून वर विमा घ्यायचा असेल, तर 'आरोग्य संजीवनी' विचारा. एप्रिल २०२० पासून ही पॉलिसी सर्व कंपन्यांत सारख्याच अटींवर मिळते, हप्ता तेवढा वेगळा. म्हणून तीन-चार ठिकाणी भाव विचारा. सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. कुणी मागितला तर देऊ नका.

हिच्यात बाळंतपण नाही. मान्य झालेल्या खर्चातले शंभराला पाच रुपये तुमचे. खोलीचे भाडे विम्याच्या रकमेच्या २ टक्के, फार तर रोज ५,००० रुपये. म्हणजे २ लाखांच्या विम्याला रोजचे ४,०००. तुम्ही ८,००० ची खोली घेतली तर नुसते भाडेच नाही, डॉक्टरची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच हिशेबाने निम्मा कापला जाऊ शकतो. भरती होतानाच खोलीचा दर विचारावा तो यासाठी.

अपघात सोडून बाकी आजारांना पहिले ३० दिवस विमा लागत नाही. जुन्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून विमा धडधाकट असतानाच काढावा. साखर असो, रक्तदाब असो, लपवू नका. एजंट म्हणेल, "लिहू नका, हप्ता वाढेल." हप्ता वाढलेला बरा, लपवलेले उघडे पडले की दावा नामंजूर होतो, आणि तेव्हा एजंट सापडत नाही. फॉर्म त्याने भरला तरी सही तुमची असते. शिकलेल्या मुलाकडून एकदा वाचून घ्या. पॉलिसी हाती आल्यावर अटी पटल्या नाहीत, तर ३० दिवसांत ती परत करता येते.