ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नाही? आधी तेल बघा

ताईंनो, अवजार बँकेचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडला की पहिलं ऐकू येतं, "पंप गेला." पंपाचा खर्च मंजूर करण्याआधी तेल बघा. ट्रॅक्टर सपाट जागेवर, लिफ्ट खाली, इंजिन बंद. मग पट्टी काढून पातळी पाहा. तेल कमी असलं की पंप हवा ओढतो, कुंईकुंई आवाज येतो, लिफ्ट झटके देते. पुस्तिकेत लिहिलंय तेच तेल घाला. तेल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय, बदलावंच लागेल. पातळी बरोबर असेल तर फिल्टर तुंबलाय का, ते बघायला लावा. नांगर उचलतो पण आपोआप खाली बसतो? मग बहुतेक पंप नाही, सील नाहीतर व्हॉल्व्ह गळतोय. मिस्त्रीला हेच सांगा.

गळती शोधायला पाईपवर हात मात्र फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातून दाबानं उडणारं तेल कातडीत घुसतं. वर टाचणीएवढी खूण दिसते, पण बोट कापायची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात जा. उचललेल्या रोटाव्हेटरखाली कुणीच शिरायचं नाही, मिस्त्रीनंसुद्धा. आधी तो जमिनीला टेकवायचा.